वार लावून जेवणारा देश

स्वीडनमधल्या उप्सालाला लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा झाडून सगळ्यांनी एकच विचारलं, "तिथे खाणार काय?" मी वेंगुर्ल्याचा, मासळीवर वाढलेला. बायको शाकाहारी, अंडं केकातून चालतं, ताटात नाही. त्यामुळे प्रश्न अगदीच गैर नव्हता. जूनच्या सुरुवातीला गेलो, ऑगस्ट संपता संपता परतलो, आणि आता कोणी विचारलं तर सांगतो की स्वीडनमध्ये काय खायचं याची काळजी करू नका. कधी खायचं ते आधी समजून घ्या.

दुपारचं जेवण साडेअकराला सुरू होतं आणि दीड-दोनला आवरतं. घरात रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला. लहान गावात आठ-साडेआठला गेलात तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसतील. हे झालं रोजचं. त्याशिवाय वार ठरलेले आहेत: गुरुवारी वाटाण्याचं सूप, शुक्रवारी घरोघरी टाको, शनिवारी मुलांना गोळ्या-चॉकलेटं. आणि वर्षाचेही दिवस ठरलेले. फेब्रुवारीच्या सुमाराला सेमला नावाचा मलईचा पाव, जूनमध्ये मिडसमरच्या सणाला हेरिंग मासे, ऑगस्टमध्ये क्रेफिश, ४ ऑक्टोबरला दालचिनीचा पाव. एकादशीला साबुदाणा आणि संकष्टीला चंद्रोदयानंतर मोदक हे ज्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे त्यांना यात नवल वाटायला नको. फक्त तिथे भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं नसतं, सगळं ज्याच्या त्याच्या डोक्यात असतं. लेकीने आमच्यासाठी ते कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवलं होतं.

पहिला धडा दुपारच्या जेवणाचा. स्वीडनमध्ये बाहेर खाणं महाग, हे खरंच आहे. पण आठवड्याच्या कामाच्या दिवशी जवळजवळ प्रत्येक हॉटेलात 'दागेन्स' म्हणजे आजचं जेवण मिळतं. साधारण १२० ते १५० क्रोनर. रात्री त्याच ठिकाणी नुसत्या एका डिशला त्याच्या दुपटीच्या आसपास मोजावे लागतात. दुपारच्या त्या पैशांत मुख्य पदार्थ, सॅलड, पाव, लोणी, पाणी आणि शेवटी कॉफी असं सगळं येतं. स्वीडनला जाणाऱ्याने पोटभर जेवण दुपारी करावं आणि रात्री घरी किंवा खोलीवर पाव-चीजवर भागवावं, हा माझा पहिला सल्ला.

पण या जेवणाचीही एक रीत आहे. दारातून आत गेलं की कोणी "या, बसा" म्हणत नाही. फळ्यावर दोन-तीन पदार्थ लिहिलेले असतात, त्यात एक शाकाहारी असतोच. काउंटरवर सांगायचं, कार्डाने पैसे द्यायचे. नोटा काढू नका, बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. मग ट्रे उचलायचा, काटे-चमचे, ग्लास आणि कागदी रुमाल घ्यायचा, सॅलडच्या टेबलाकडे वळायचं, पाव कापून घ्यायचा, लोणी लावायचं. गरम पदार्थ कुठे ताटात वाढून देतात, कुठे स्वतः वाढून घ्यायचा. जेवण झालं की ट्रे घेऊन कोपऱ्यातल्या मांडणीपाशी जायचं, उरलंसुरलं एका डब्यात, काटे-चमचे दुसऱ्यात, ग्लास जाळीत पालथे. साहेबही तेच करतात, रस्त्याचं काम करणारा नारिंगी जाकिटातला मजूरही तेच करतो, आणि दोघं एकाच रांगेत उभे असतात. कॉफी मात्र ट्रे ठेवून आल्यावर, निवांत. टीपची भानगड नाही. रात्री चांगली सेवा मिळाली तर लोक वरचा आकडा पुरा करतात, एवढंच. पाणी नळाचंच, टेबलावर जगमध्ये भरून ठेवलेलं, फुकट आणि थंडगार. बाटलीबंद पाणी मागणारा तिथे पाहुणा म्हणून लगेच ओळखू येतो.

गुरुवारचं सूप वाळलेल्या पिवळ्या वाटाण्यांचं, दाट, वर थोडी थाईम नाहीतर मार्जोरमची पानं. ताटलीच्या कडेला मोहरीची तिखट चटणी लावून घ्यायची आणि प्रत्येक चमचा तिला टेकवून तोंडात घालायचा. त्यात डुकराचं मांस असतं, म्हणून शाकाहाऱ्याने विचारूनच घ्यावं. हल्ली बरेच ठिकाणी मांसाशिवायचं वेगळं पातेलं ठेवतात. सूपानंतर पातळ पॅनकेक, त्यावर जॅम आणि फेटलेली साय. शुक्रवारी उपास असायचा म्हणून गुरुवारी दणकून जेवून घ्यायचं, अशी सोळाव्या शतकाआधीच्या कॅथलिक काळातली ही पद्धत असल्याचं सांगतात. उपास केव्हाच गेला, सूप राहिलं. सैन्यात आणि शाळेतही गुरुवार म्हणजे हेच.

या सूपाला एक काळा इतिहासही आहे. उप्सालाच्या उत्तरेला ओरबीहूस नावाचा किल्ला आहे. पदच्युत राजा एरिक चौदावा तिथे कैदेत होता आणि १५७७ मध्ये मेला. वाटाण्याच्या सूपातून सोमल म्हणजे आर्सेनिक घातला, अशी तेव्हापासूनची वदंता. १९५८ मध्ये त्याची शवपेटी उघडून तपासणी केली तेव्हा अवशेषांत आर्सेनिक सापडलं. आम्ही गुरुवारी दुपारी सूप पीत असताना लेकीने ही गोष्ट सांगितली. बायकोने चमचा खाली ठेवला, म्हणाली, "हे जेवण झाल्यावर सांगता आलं नसतं?"

सकाळी दहाच्या आणि दुपारी तीनच्या आसपास सगळा देश कॉफी प्यायला थांबतो. तिला फीका म्हणतात हे आता आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येतं, त्यामुळे त्याचं कौतुक नव्याने सांगत नाही. मला नवल वाटलं ते लेकीच्या विभागातल्या यादीचं. कुठल्या आठवड्यात पाव-बिस्किटं कोणी आणायची त्याचा तक्ता भिंतीवर लावलेला. प्राध्यापक, विद्यार्थी, सफाई करणारी बाई, सगळे त्या यादीत. कॉफीला न येता टेबलावर काम करत बसलेला माणूस मेहनती नाही, तुसडा ठरतो. याच कॉफीवर १७५६ मध्ये सरकारने बंदी घातली होती आणि पुढची कित्येक वर्षं ती बंदी उठत-लागत राहिली, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. आता दरडोई कॉफी पिण्यात हे लोक जगात पहिल्या काहींत आहेत. उप्सालात ओफवांदाल्स म्हणून १८७८ पासूनचं एक जुनं कॉफीगृह आहे. जुनाट सोफे, मंद उजेड आणि पुस्तकं उघडून बसलेले विद्यार्थी. अशा ठिकाणी एक कप घेतला की दुसरा बहुधा त्याच पैशांत भरून घेता येतो, पण आधी विचारावं.

कॉफीबरोबर पाव. दालचिनीचा 'कानेलबुल्ले' प्रसिद्ध आहे. त्याच्या नावाचा दिवस ४ ऑक्टोबर, तो मात्र अलीकडचा, १९९९ पासूनचा. आम्हाला दोघांनाही आवडला तो वेलचीचा. त्यात वेलची पूड करून घालत नाहीत, जाड कुटून घालतात. पिठातही, आतल्या लोण्या-साखरेतही आणि वरूनही. दाणे काळे काळे दिसतात आणि दाताखाली येतात. आपण वेलची खिरीत चिमूटभर टाकून मोकळे होतो. एका पावात एवढी वेलची घालणारा देश उत्तर ध्रुवाच्या जवळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सेमला खायचा राहून गेला, कारण तो उन्हाळ्यात मिळत नाही म्हणजे नाहीच. १७७१ मध्ये राजा अडॉल्फ फ्रेडरिक भरपेट मेजवानीनंतर गरम दुधातला हाच पाव खाऊन मेला असं तिथलं पोरही सांगतं. लॉबस्टर, कॅव्हियार, शँपेन हेही त्या जेवणात होतं, पण बदनाम झाला बिचारा पाव.

शनिवारी दुपारी लेकीबरोबर सुपरमार्केटात गेलो तर गोळ्यांच्या भिंतीपुढे ही गर्दी. पारदर्शक डब्यांची रांगच्या रांग, प्रत्येकात वेगळी गोळी, हातात कागदी पिशवी आणि छोटं फावडं. मुलं गंभीर चेहऱ्याने निवड करत होती, आईबाप शांतपणे उभे. आठवड्यातून एकदाच आणि तेही शनिवारी गोड, या सवयीमागे एक अस्वस्थ करणारी हकिकत आहे. १९४० च्या दशकात लुंड शहरातल्या विपेहोल्म या मतिमंदांच्या संस्थेत सरकारच्या संमतीने रुग्णांना मुद्दाम भरपूर चिकट टॉफी खायला घातली, दात किडतात का ते पाहायला. किडले. रुग्णांना कोणी विचारलं नव्हतं. त्यावरून निष्कर्ष निघाला की रोज थोडं थोडं गोड खाण्यापेक्षा एकदाच काय ते खाल्लेलं दातांना बरं, आणि सरकारने शनिवारचा प्रचार केला. आज त्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या अनेकांना हे ठाऊक आहे आणि तरी शनिवार चालू आहे.

तिथल्या काळ्या गोळ्या मात्र जपून. ज्येष्ठमधाच्या म्हणून मी एक तोंडात टाकली. आधी खारट, मग नाकातून वाफ गेल्यासारखं. त्यात नवसागर असतो. होय, कल्हईवाला भांड्यात टाकतो तोच. स्वीडिश मुलं त्या मूठमूठ खातात. शाकाहाऱ्यांसाठी आणखी एक: मऊ, रबरासारख्या बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन असतं आणि बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण. घटकांची यादी बघायची सवय लावून घ्यावी. एरवी शाकाहाऱ्याला स्वीडन जड जात नाही. फलाफल गल्लोगल्ली, पिझ्झा गावोगावी. पिझ्झावर केळं आणि करी पावडर घातलेली पाहून बायको खो खो हसली. तो तिथला जुना, आवडता प्रकार आहे, कोणी तो चेष्टेने खात नाही.

जुलैच्या शेवटी लेकीच्या एका सहकारी जोडप्याने आम्हाला घरी जेवायला बोलावलं. सहा वाजता. लेकीने निघण्याआधी शिकवणी घेतली. सहा म्हणजे सहा. पाच मिनिटं आधी पोचलो तर बेल वाजवायची नाही, कारण घरातली माणसं तेव्हा अजून कपडे बदलत असतील. दहा मिनिटं उशीर झाला तर फोन करून कळवायचं. आम्ही आधी पोचलो आणि कोपऱ्यापर्यंत फेरी मारायला गेलो, तर समोरून आणखी एक जोडपं फुलांचा गुच्छ घेऊन उगाचच झाडं बघत चाललेलं. तेही त्याच घरचे पाहुणे निघाले. सहाला सगळे एकदमच दारात.

बूट दारात काढायचे, यात आपल्याला शिकायचं काही नाही. फुलं यजमानीणबाईंच्या हातात. दारूची बाटली न्यायची असेल तर ती आधी आणून ठेवावी लागते, कारण साडेतीन टक्क्यांवर अल्कोहोल असलेलं जवळजवळ सगळं फक्त 'सिस्तेमबोलागेत' या सरकारी दुकानात मिळतं. शनिवारी तीनच्या सुमाराला ते बंद होतं, रविवारी उघडतच नाही, आणि वीस वर्षांखालच्याला काही देत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी त्या दुकानापुढची शिस्तबद्ध रांग एकदा बघावी.

टेबलावर यजमानीणबाईंच्या डाव्या हाताला मला बसवलं. लेक कानात म्हणाली, "बाबा, ही मानाची जागा आहे. शेवटी आभाराचे चार शब्द तुम्ही बोलायचे." ग्लास भरले तरी कोणी उचलला नाही. यजमानाने स्वागत केलं, "स्कोल" म्हटलं, सगळ्यांनी ग्लास छातीपर्यंत आणला, एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं, घोट घेतला, पुन्हा पाहिलं, मग ग्लास खाली. डोळ्यांत न बघता प्यालात तर उद्धटपणा. माझ्यासारख्या माणसाला परक्या बाईच्या डोळ्यांत दोनदा बघून बिअर पिणं सोपं नव्हतं, पण निभावलं.

जेवणात मीठ, साखर आणि शेपू लावून मुरवलेला कच्चा सामन मासा, पातळ कापलेला, बरोबर मोहरी-शेपूचं गोडसर सॉस. होय, शेपू. लहानपणी ज्या भाजीवरून आईशी भांडलो ती या देशात बटाट्यावर, माशावर, सॉसमध्ये, चिप्सच्या पाकिटात, सगळीकडे. आणि माशाबरोबर ती लागतेही छान, हे आता कबूल करायला हरकत नाही. बायकोसाठी वेगळा पाय केला होता, पिवळ्या शँटरेल अळंब्यांचा. यजमानाने त्या स्वतः जंगलातून आणलेल्या. तिथे कोणाच्याही जंगलात जाऊन रानफळं, अळंबी गोळा करायला मोकळीक आहे. निसर्गात वावरायचा हा हक्क १९९४ पासून थेट राज्यघटनेत लिहिलेला आहे. मी सहज विचारलं, कुठे मिळतात? गृहस्थ हसला आणि म्हणाला, "जंगलात." पुढे काही नाही. अळंबीची जागा स्वीडिश माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही, असं लेकीने घरी जाताना समजावलं.

या जेवणात आपल्या माणसाला सगळ्यात जड जाते ती एक गोष्ट: आग्रह नाही. भांडं टेबलाभोवती फिरतं, ज्याने त्याने घ्यायचं. यजमान एकदा विचारतो, "आणखी?" तुम्ही "नको" म्हणालात की विषय संपला. वेंगुर्ल्यात तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा ताटात पडतं, तिथे पहिलंच नको शेवटचं. लेकीने बायकोला दहा वेळा बजावलं होतं की भूक असेल तर हो म्हण. ती पहिल्यांदाच हो म्हणाली तेव्हा तिचे कान लाल झालेले मी पाहिले. दुसरीकडे, घेतलेलं टाकायचं नाही. थोडं घ्या, पुन्हा घ्या, पण ताट स्वच्छ.

आणि मग केकचा शेवटचा तुकडा. सात जण, एक तुकडा. कोणीच हात लावेना. थोड्या वेळाने एका बाईंनी त्याचा अर्धा कापून घेतला. पाच मिनिटांनी यजमानाने उरलेल्याचा अर्धा. मग त्या फुलंवाल्या गृहस्थाने त्याचाही अर्धा. शेवटी ताटलीत नखाएवढा केक आणि बाजूला सुरी अशी स्थिती झाली आणि तो तसाच स्वयंपाकघरात गेला. कोणी हसलं नाही. माझ्या पोटात हसू मावेना, पण आभाराचं भाषण माझ्याकडे होतं.

जेवून उठताना लहान मुलंसुद्धा "ताक फोर मातेन" म्हणतात, जेवणाबद्दल धन्यवाद. एवढ्याने भागत नाही. पुढच्या वेळी त्या माणसाची कुठेही गाठ पडली तर त्या दिवशीबद्दल पुन्हा आभार मानायचे असतात. आठवड्याने दुकानात दुधाच्या कपाटापाशी त्या बाई भेटल्या, मी सगळ्यात आधी ते म्हटलं, आणि त्या इतक्या खुश झाल्या की पुढे पंधरा मिनिटं बोलत उभ्या राहिल्या. स्वीडिश माणूस अबोल, असं म्हणणाऱ्यांनी हे करून बघावं.

याच आग्रह नसलेल्या टेबलावरून २०२२ साली इंटरनेटवर गदारोळ झाला होता. खेळायला आलेल्या मित्राला खोलीत बसवून घरचे जेवून घेतात, हे अनेक स्वीडिश लोकांनी आपल्या लहानपणचं म्हणून कबूल केलं. जगभरातून शिव्या पडल्या. आपल्याकडे तर दारात आलेल्याला पाण्याआधी जेवणाचं विचारतात, त्यामुळे मलाही ते आतून पटत नाही. पण तिथे राहिल्यावर त्यामागचं गणित दिसतं. त्या मुलाच्या घरीही साडेपाचला ताट मांडलेलं असणार, बटाटे मोजून उकडलेले असणार. त्याला इथे जेवू घातलं तर त्याच्या आईच्या मांडलेल्या ताटाचं काय, अशी ती विचारसरणी. आता नव्या पिढीत हे बरंच सुटलंय असं लेकीचे मित्र म्हणाले.

हे सगळं शिकायच्या आधी, जूनमध्येच, मिडसमर होऊन गेला होता. १९ ते २५ जूनमध्ये येणारा शुक्रवार. शहरं ओस पडतात, प्रत्येक जण कुठल्यातरी तळ्याकाठच्या लाल लाकडी घरात. आम्हीही एका सहकाऱ्याच्या गावच्या घरी गेलो. पानाफुलांनी सजवलेला खांब उभा करणं, त्याभोवती मोठ्या माणसांनी बेडकासारख्या उड्या मारणं, मध्येच पाऊस, हे सगळं झालं. माझं लक्ष स्वयंपाकघरात होतं, कारण तिथे आजीबाई हेरिंगच्या बरण्या उघडत होत्या.

हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. मिठात मुरवलेले तुकडे पाण्यात भिजवून खारटपणा काढतात आणि मग आंबट-गोड पाकात ठेवतात. आजीबाईंनी बोटांवर मोजून प्रमाण सांगितलं: एक भाग तिथला कडक व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. हा 'एक-दोन-तीन' प्रत्येक घरात तोंडपाठ. पाक उकळून गार करायचा. बरणीत माशाचा थर, तांबड्या कांद्याच्या चकत्या, गाजर, तमालपत्र, ऑलस्पाइसचे दाणे, पुन्हा मासा, वरून पाक. दोन-तीन दिवस थंडीत. दुसऱ्या बरणीत मोहरीच्या सॉसमधला, तिसऱ्यात आणखी काही. माशात साखर दुप्पट! मी पहिला तुकडा जिभेवर ठेवला आणि तिरफळाची आठवण काढली. पण त्याची जोडी बटाट्याशी आहे. नवे, कोवळे, सालासकट शेपूच्या काड्या घालून उकडलेले बटाटे, वर घट्ट आंबट साय आणि बारीक चिरलेली कांद्याची हिरवी पात. तिघं एका घासात आले की गोडवा जागच्या जागी बसतो. दुसऱ्या ताटाला मी मोहरीवाला मागून घेतला. नको म्हणायच्या फंदात पडलो नाही.

छोट्या ग्लासात मसालेदार कडक दारू असते आणि प्रत्येक ग्लासाआधी एक गाणं. सगळ्यांना सगळी गाणी येतात. छापील कागद पाहुण्यांसाठी ठेवतात, तेव्हा ओठ हलवत राहावं. बायकोने बटाटे, साय, चीज, कडक राईचा पाव आणि शेवटी स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक यावर सणच साजरा केला. चीज कापायला तिथे पत्र्यासारखी सपाट, मधे फट असलेली सुरी असते. लादीवरून सगळीकडून सारखं तासायचं. एकाच बाजूने तासून उतार केलात तर सगळं टेबल तुमच्याकडे बघेल.

स्टॉकहोमहून फिनलंडकडे जाणाऱ्या बोटीवर सगळे पदार्थ मांडलेलं मोठं टेबल, म्हणजे स्मॉर्गोसबूर्ड, खायला मिळालं. इथे परदेशी प्रवासी लगेच ओळखू येतो: एकाच ताटात मासा, मांसाचे गोळे, सॅलड आणि पुडिंगचा डोंगर. स्वीडिश माणूस फेऱ्या करतो. पहिली फेरी फक्त हेरिंग आणि बटाटे. दुसरी सामन आणि इतर गार मासे. तिसरी गार मांस, सॅलड. चौथी गरम पदार्थ. मांसाचे गोळे, भाजलेले बटाटे. मग चीज, मग गोड. प्रत्येक फेरीला नवीन ताटली, जुनी टेबलावर सोडून जायची. घाई नाही, बोट कुठे पळून जात नाही. मांसाच्या गोळ्यांबद्दल एक गंमत: २०१८ मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने जाहीर केलं की हा पदार्थ राजा चार्ल्स बाराव्याने तुर्कस्तानातून आणला. पोल्तावाची लढाई हरल्यावर हा राजा १७०९ ते १७१४ तुर्की ऑटोमन मुलखात अडकला होता. इतिहासकार याबाबत तेवढे ठाम नाहीत, पण आयकियाच्या जगभरच्या फर्निचरच्या दुकानांत स्वीडिश म्हणून ते खाणाऱ्यांचे चेहरे त्या दिवशी पडले होते.

जुलैत जाणाऱ्यांना एक सूचना: शहरातली बरीचशी चांगली हॉटेलं तीन-चार आठवडे चक्क बंद असतात. मालकही सुट्टीवर. दारावर कागद लावलेला असतो. आधी बघून निघावं.

ऑगस्टमध्ये क्रेफिशच्या मेजवान्या. छोट्या शेवंडीसारखा दिसणारा हा प्राणी फुलोऱ्यावर आलेल्या शेपूच्या खाऱ्या पाण्यात उकडून त्यातच गार करतात. कागदी टोप्या, गळ्यात बिब, हातांनी कवच फोडून चोखायचं आणि आवाज करत खायचं. एरवी ओठ मिटून जेवणारी माणसं त्या रात्री सुरसुर आवाज करत होती. मला इतकं घरच्यासारखं स्वीडनमध्ये कुठेच वाटलं नाही.

आणि ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी ते. आंबवलेले हेरिंग, स्यूर्स्त्रोमिंग. बाल्टिकचे हे मासे अगदी कमी मिठात महिनोन्‌महिने आंबवतात, डब्यात भरल्यावरही ते आंबतच राहतात, म्हणून डबा फुगतो. पूर्वी या दिवसाआधी विकायला कायद्यानेच बंदी होती. कायदा गेला, तिसरा गुरुवार राहिला. उत्तरेकडचा एक विद्यार्थी डबा घेऊन आला. घरात उघडायची सोयच नाही; अंगणात, बादलीतल्या पाण्यात डबा बुडवून त्याने त्याला भोक पाडलं. फस्सकन बुडबुडे आले आणि पाठोपाठ वास. घरात सुकटीचा डबा बारमाही असलेला माणूस मी, तरी दोन पावलं मागे सरकलो. बायको शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत गेली. मग त्याने मऊ, पातळ पोळीसारख्या पावाला लोणी लावलं, त्यावर बटाट्याच्या चकत्या, बारीक कांदा, आंबट साय, माशाची एक पट्टी, घडी घालून हातात दिली. चव वासाच्या मानाने कितीतरी सौम्य: खारट, आंबट, थोडी झणझणीत. मी दोन खाल्ल्या. त्या विद्यार्थ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि गावी न्यायला एक डबा देऊ केला. पण दाब वाढलेले हे डबे विमानात न्यायला अनेक कंपन्या मनाई करतात; २००६ मध्ये एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेजने तसं जाहीरच केलं होतं. आभार मानून नको म्हटलं. अर्थात त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

परतीच्या बॅगेत मग कडक पावाची मोठी गोल चकती आली, मोहरीच्या सॉसची ट्यूब आली आणि नवसागराच्या गोळ्यांची एक पुडी, मेहुण्याला फसवायला. जाड कुटलेल्या वेलचीची बाटली मी टोपलीत टाकली होती, ती बायकोने काढून परत मांडणीवर ठेवली. "वेलची स्वीडनहून न्यायची? लोक काय म्हणतील!"